धरते की सोडते

ता. ४ जानेवारी

वन्संना सप्रेम नमस्कार, वि. वि.

(‘सप्रेम’ हे हाताच्या सवयीनं आलं. खोडत नाही, शाई वाया जाते.)

तुमचं पार्सल काल पोचलं. आत निघालं ते असं : तुमच्या बेकरीचे दोन पाव, लोकरीच्या मोज्यांचा एक जोड, मधाची बाटली आणि तुमच्या लेकीचा परिचारिका शाळेच्या गणवेशातला जुना फोटो. वजन जास्त भरलं म्हणून टपालवाल्यानं माझी साखरेची तीन कूपनं कापून घेतली. म्हणजे तुमची माया मला महिनाभराच्या अगोड चहात पडली.

पाव वाळून गेले असते म्हणून शेजारच्या सुईणबाईंना दिले. मोजे ठेवून घेतले, ते तुमच्या भावाच्या मापाचे आहेत. मध आणि फोटो परत पाठवते आहे. मधाला मी नावं ठेवत नाही, पण ज्या घशासाठी तो पाठवलात तो घसा या घरात नाही, मिठागरावर आहे. फोटोत मुलगी हसते आहे. हसू दे. ती पांढरी टोपी तिच्या डोक्यावर कशी आली हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही.

शाळेत जागा हवी तर शांतता खात्याच्या खिडकीवर एक तरी बातमी द्यावी लागते, कुणाच्या घरात देवाची प्रार्थना मोठ्यानं होते याची. हे मला कळतं. पोटासाठी मुली देतात. पण कुणी परक्याची देतं, कुणी मेलेल्याची देतं. तुमच्या लेकीनं सख्ख्या मामाची दिली. ज्या माणसाचा आवाज गिरणीतल्या रंगाच्या वाफेनं कधीच गेला, ज्याला जेवताना पाणी हवं असलं तर पेल्यावर चमचा वाजवावा लागतो, तो म्हणे सगळ्यांना मोठ्यानं प्रार्थना सांगतो! मागच्या हिवाळ्यात त्यांना नेलं. अंगावरचा स्वेटरसुद्धा नीट घालू दिला नाही.

आता वर्षभरानं मिठागरावरच्या डॉक्टरला साक्षात्कार झाला की हा माणूस कुजबुजण्यापलीकडे बोलूच शकत नाही. बातमी खोटी ठरली. परवा खात्याचा माणूस दारात उभा राहून मला कायदा सांगून गेला. शिक्षेची जागा रिकामी राहत नाही. बातमी खोटी निघाली की ती देणाऱ्यानं त्या जागेवर जायचं. घरच्यांनी खिडकीवर येऊन ‘धरते’ म्हटलं की हे घरी येणार आणि उरलेलं दीड वर्ष तुमची मुलगी मीठ ओढणार. ‘सोडते’ म्हटलं तर मुलगी सुटणार आणि हे आहेत तिथेच राहणार. महिनाअखेरीच्या आत मला एक शब्द सांगायचा आहे.

मी ‘धरते’ म्हणणार आहे. दुसऱ्याच्या तोंडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं म्हणून लिहिलं. पुन्हा पार्सल पाठवू नका.

लोभ आहे तेवढाच असू द्या, वाढवायची तसदी नको.

तुमची वहिनी

&nbsp;

ता. ११ जानेवारी

ती. वहिनींना सा. न. वि. वि.

मध परत आला. झाकण सैल होतं. फोटोतल्या पोरीच्या तोंडावर सगळा मध सांडला आणि बेकरीतल्या मुंग्यांची चैन झाली. मुद्दाम केलंत असं मी म्हणणार नाही. रागाच्या भरातही तुम्ही मध वाया घालवणाऱ्यांतल्या नाही.

तुम्ही रागवा. तुमचा नवरा गेला तसा माझा भाऊही गेला, हे मात्र मध्येच विसरता. वर्षभर मी पोरीशी धड बोलले नव्हते, तुम्हाला माहीत नसेल. आता तिला शाळेतून काढलं. गणवेश काढून घेतला, गादीची वळकटी हातात दिली आणि फाटकाबाहेर उभं केलं. सतरा वर्षांची आहे. सकाळपासून माझ्याबरोबर भट्टीवर पिठाची पोती उचलते, कामाशिवाय शब्द बोलत नाही. पूर्वी या मुलीचं तोंड बंद करायला मला ओरडावं लागायचं.

खिडकीवर तिला काय विचारलं ते ऐका. मामा नाही तर मग प्रार्थना सांगतं कोण, खरं नाव दे आणि घरी जा, असं त्यांनी तिला पुन्हा पुन्हा सांगून पाहिलं. तिचं एकच, की तिथे कुणीही काही म्हणत नाही, सगळं मी माझ्या मनानं रचलं.

वहिनी, तिनं रचलेलं नाही. हे तुम्हाला ठाऊक आहे आणि मलाही. तुमच्या घरात संध्याकाळी शिवणयंत्र चालतं त्याच्या सुईत दोरा नसतो. त्या खडखडाटाखाली कोण प्रार्थना सांगतं आणि चार-पाच शेजारणी मांडीवर फाटके कपडे घेऊन कुणामागून म्हणतात, हे मी तुमच्याकडे राहायला होते तेव्हा डोळ्यांनी पाहिलंय. दादा बिचारा कोपऱ्यात बसून नुसते ओठ हलवायचा. तुमच्या त्या मशीनपायी माझा भाऊ गेला, आता लेकही न्यायला निघालात. देव तुमचा आणि मीठ ओढायचं आमच्या माणसांनी, ही कुठली भक्ती?

पत्रात लिहिलेलं खातं धरत नाही, माणसानं समोर उभं राहून तोंडानं सांगितलेलंच धरतं. मला तोंड आहे. आणि खिडकी माझ्या बेकरीपासून दोन गल्ल्यांवर आहे. एवढं ध्यानात ठेवून काय तो शब्द ठरवा.

राग गिळता आला तर गिळा, नाही आला तर निदान उत्तर लिहा.

तुमची नणंद

&nbsp;

ता. १६ जानेवारी

वन्संना नमस्कार, वि. वि.

तुमची धमकी पोचली. तिला कूपन पडलं नाही, एवढं बरं.

जा की खिडकीवर. मी काही वाटेत आडवी पडणार नाही. मशीनचं म्हणाल तर ते अजून चालतं, रोज चालतं, सुईत दोरा आजही नसतो. मला एवढंच कळत नाही की इतकं तोंड आहे तर वर्षभर ते कुठे ठेवलं होतंत?

काल मिठाच्या गाडीचा ड्रायव्हर आला होता. यांचा निरोप घेऊन. त्यांनी त्याच्या कानाशी तोंड लावून सांगितलं म्हणे, की पोरीला सोड म्हणावं. मी विचारलं, आणखी काय म्हणाले? तर म्हणाला, आणखी काही नाही, खोकले. हाताची कातडी मिठानं चिरली आहे आणि मी मागे पाठवलेले तुमचे मोजे ते पायांत न घालता हातांत घालतात. हे सगळं ऐकून मी त्याला चहा दिला आणि मग स्वयंपाकघरात जाऊन एक पातेलं आपटलं. पोचा आला आहे.

सोड म्हणे! जाताना स्वेटर नीट घालायचं भान नव्हतं आणि तिथे बसून मन मात्र एवढं मोठं. यांचं नेहमी असंच. रागवायचं काम माझ्यावर टाकून स्वतः गोड राहायचं. भाजीवाला फसवून गेला तरी यांना त्याची दया, भांडायला मी. आता या वेळीही मीच वाईट.

तुम्ही माझी भक्ती काढलीत म्हणून सांगते. आमच्या प्रार्थनेत एक ओळ आहे, ज्यांनी आमचं वाईट केलं त्यांच्यावरही तुझी सावली असू दे, अशा अर्थाची. यांना नेल्यापासून मी ती म्हणत नाही. शेजारणींना आधी वाटलं विसरते. मग सुईणबाईंनी एकदा चालत्या मशीनच्या चाकावर हात ठेवून ते थांबवलं आणि म्हणाल्या, बाई, तुझ्या कापडाला भोक पडलंय. मी म्हटलं, पडू द्या, वारा मला लागतो, तुम्हाला काय त्याचं? त्या म्हणाल्या, आम्ही तुझ्या मागेच बसतो गं, आम्हालाही लागतो.

देवाशी माझा अबोला नाही. रोज बोलते, पण वरच्या पट्टीत. त्याला स्पष्ट सांगितलंय, की माझ्याकडून क्षमा हवी असेल तर आधी माझा माणूस दारात आणून उभा कर, मग पाहू. यावर त्याचं अजून काही आलेलं नाही.

तुमच्या मुलीला म्हणावं, स्वतः लिही. वर्ष झालं, तिची एक ओळ मला आली नाही. आईच्या आड उभं राहून माणसं माफी मागायला लागली तर मला कुणाकडे पाहून नाही म्हणायचं तेच कळत नाही.

कमी-जास्त लिहिलं गेलं असेल तर ते जास्तच समजा.

तुमची वहिनी

&nbsp;

ता. २१ जानेवारी

ती. मामीस शि. सा. न. वि. वि.

तू सांगितलंस म्हणून लिहिते आहे. आपण होऊन लिहिलं नसतं, कारण तू पत्र चुलीत घातलं असतंस आणि मग कागद फुकट गेला म्हणून पुन्हा मलाच बोलली असतीस.

मी मामाचंच नाव का दिलं ते सांगते. ऐकून तुला आणखी राग येईल. माझ्याबरोबरच्या मुली मेलेल्या माणसांची नावं देत होत्या, पण खात्याला ते कळलं आणि ती वाट बंद झाली. परक्या कुणाचं देऊन त्याला मिठागरावर पाठवायचं मला धाडस होईना. मग मला एक युक्ती सुचली. ज्याच्यावर आरोप सिद्ध होणंच शक्य नाही अशा माणसाचं नाव द्यायचं. मामाला आवाज नाही. खात्याचे लोक येतील, त्याला म्हणतील बोल, तो चाकातली हवा गेल्यासारखं फुस्स करेल, ते हसतील आणि निघून जातील. मला जागा मिळेल आणि कुणाचं काही बिघडणार नाही. मी ही युक्ती इतकी भारी समजत होते, की पुढे कधीतरी मामालाच सांगायची आणि त्याला हसवायचं असं ठरवलं होतं.

मामी, त्यांनी त्याला बोल म्हटलंच नाही. मला वाटायचं खातं सगळं तपासतं. ते काही तपासत नाही, नुसतं नेतं.

पण माझी खरी चूक ही नव्हे. ही मूर्खपणाची होती. मामाला नेलं ते मला त्याच दिवशी कळलं. आम्ही जखम बांधायला शिकत होतो आणि माझी पट्टी सगळ्यांत नीट आली म्हणून बाईंनी ती वर्गाला दाखवली. त्याच दिवशी मी खिडकीवर जाऊन खरं सांगू शकत होते. गेले नाही. उद्या जाऊ असं म्हणत राहिले आणि रोज सकाळी आरशासमोर टोपी नीट करत राहिले. वर्षभर. डॉक्टरनं सांगितलं नसतं तर आजही टोपी घालूनच बसले असते. ही चूक करताना मला सगळं कळत होतं.

खिडकीवर मी दुसरं नाव दिलं नाही, त्याचे उपकार मानू नकोस. एक नाव दिल्यावर काय होतं ते मी पाहिलं. पुन्हा देण्याइतकी छाती नाही. आईला मी भट्टीसमोर उभं करून शपथ घ्यायला लावली आहे, की ती खिडकीकडे फिरकणार नाही. शपथ घेताना ती रडली आणि घेऊन झाल्यावर मला पाठीत एक धपाटा घातला. तिनं तुला जे काही लिहिलं असेल ते शपथेच्या आधीचं समज.

तू ‘धरते’ म्हण. मला पोती उचलायची सवय झाली आहे. मामाला घरी आण. माफ कर असं मी लिहिणार नाही. वर्षभर त्याची जागा वापरली, आता वर आणखी काही मागितल्यासारखं होईल.

एकच विचारायचं होतं. शाळेच्या दवाखान्यात एक आजी माझा हात धरूनच वारल्या. तेव्हा तुझ्या प्रार्थनेचे शब्द आपोआप आठवले, पण तोंडात घ्यायची लाज वाटली. मी ते म्हणू शकते का? मला तो हक्क आहे का? तू नाही म्हणालीस तर नाही म्हणणार.

रागातही नीट जेवत जा.

तुझी भिंगरी

&nbsp;

ता. २७ जानेवारी

चि. भिंगरीस अ. आ.

तुझं पत्र चुलीत घातलं नाही. पाठकोरं होतं, म्हणून त्याच्याच मागे हे लिहिते आहे. तुझी बाजू तुलाच परत येईल. वाच पुन्हा.

काल खिडकीवर गेले होते. लाकडी बाकावर बरीच माणसं होती. माझ्या पुढच्या माणसानं सख्ख्या भावाला ‘धरतो’ म्हटलं आणि पायरीवर बसून डबा खाल्ला. मला त्याचं काही वाटलं नाही. मीही घरून तोच शब्द तोंडात घोळवत निघाले होते. वाटेत देवाला बजावून ठेवलं होतं की आज मध्ये पडू नको.

आत कारकून होता, सर्दीनं बेजार. त्यानं नाक पुसत विचारलं, धरता की सोडता. मी तोंड उघडलं आणि मला राग आला. तुझा नव्हे. तुझा होताच, तो घेऊनच मी गेले होते. हा दुसरा. अशाच खिडकीपाशी, अशाच कुणा माणसासमोर तू माझं नाव दाताखाली धरून उभी होतीस. आणि मी, रोज देवाचं नाव घेणारी बाई, एका पोरीच्या मिटल्या तोंडाच्या आडोशाला सुखानं उभी होते. वर तिला मिठागरावर पाठवायला निघाले होते. मला स्वतःची अशी चीड कधी आली नव्हती.

मी म्हटलं, बातमी खोटी नाही, माणूस चुकला आहे. त्या घरात प्रार्थना मी सांगते.

कारकून म्हणाला, बाई, दोनातला एक शब्द सांगा, तिसरा रकाना नाही. मी म्हटलं, मग आखून घ्या. त्यानं आतून साहेबाला बोलावलं. साहेबानं विचारलं, मोठ्यानं म्हणता का? मी म्हटलं, म्हणून दाखवू? तर तो नको नको करत आधी दार लावायला धावला. मग कोण कोण येतं ते विचारलं. मी म्हटलं, मशीनवर बसले की माझं तोंड भिंतीकडे असतं, पाठीमागचं मला दिसत नाही. हे खोटं नाही, तू पाहिलं आहेस.

झालं ते असं. तुझी बातमी खरी धरली, नावात चूक झाली एवढंच लिहिलं. तू सुटलीस. उरलेलं दीड वर्ष माझं. मामा सोमवारी सकाळी मिठाच्या गाडीनं येईल आणि त्याच गाडीनं मला जायचं आहे. फाटकापाशी आमची गाठ पडेल तेवढी पडेल.

हे मी तुझ्यावर माया उतू गेली म्हणून केलेलं नाही. नीट ऐक. ती युक्ती मी सोडली. खरं सांगायचं तर वाचताना मला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून पुन्हा राग आला. पण वर्षभर टोपी घातलीस ते सुटत नाही. ओढून पाहिलं, घट्ट बसलंय. मिठागरावर हात कामात असतील आणि डोकं रिकामं. रोज थोडं थोडं ओढत राहीन. सुटलं की कळवीन. आज सुटलं असं लिहिलं तर ते खोटं होईल, आणि आपल्या घरात खोटं पुरेसं झालं आहे.

प्रार्थनेला हक्क लागतो हे तुला कुणी सांगितलं? हक्क, परवाने, रकाने ही खात्याची कामं. त्या आजींचा हात धरला होतास तेव्हाच म्हणायची होतीस. आता म्हण. अडलीस तर सुईणबाईंना विचार, त्यांना सगळं पाठ आहे. फक्त भरभर म्हणतात, त्यांच्या नादी लागून घाई करू नकोस.

मामाला एकट्याला घरात ठेवता येणार नाही. तू इथे येऊन राहायचं. त्याला बोलू द्यायचं नाही, पाणी कोमट द्यायचं, हात रोज धुऊन तेल लावून बांधायचे. पट्टी नीट येते म्हणतेस, ती आता घरात दिसू दे. शाळेत परत घेतील असं साहेब म्हणत होता. जायचं की नाही हे मामाशी बसून ठरव. मला विचारू नकोस, माझं उत्तर चांगलं नसेल. तुझ्या आईनं शपथ पाळली, हे माझ्या लक्षात आहे, तिला सांग. तिनं भावाला भेटायला जरूर यावं, पण माझ्या स्वयंपाकघरातले डबे इकडचे तिकडे करू नयेत.

मामा तुला पाहून तोंड फिरवेल अशी तुला धास्ती असेल. फिरवणार नाही. तुला जवळ घेईल आणि काही म्हणणार नाही. तेच तुला जड जाईल. माझं बोलणं परवडलं असं म्हणशील. तरी ये. त्याच्यासमोर उभी राहा, पळून स्वयंपाकघरात जाऊ नकोस.

रविवारी संध्याकाळपर्यंत पोचतेस की नाही ते उलट टपाली कळव. आजच टाक. सोमवारी गाडी आली की मला चढावं लागेल, आणि त्याला हाताला धरून घरात न्यायला फाटकाशी कोण असेल हे कळल्याशिवाय माझा पाय उचलणार नाही.

तुझी मामी